झाकून ठेवलेली उत्तरं

गिरगावातल्या फणसवाडीहून कोलभाट गल्ली चालत काही मिनिटांवर आहे. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना या गल्लीत होता. पोरवयात अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली छपाईच्या खिळ्यांचं काम शिकलेल्या या माणसाने १८६९ साली स्वतःचा छापखाना काढला. संस्कृत ग्रंथांसाठी निर्णयसागरचं नाव पुढे जगभर झालं, पण घराघरांत तो पोचला पंचांगामुळे. त्याच्या कितीतरी आधी, १८३१ मध्ये, गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछापावर पंचांग काढलं होतं. म्हणजे छापलेलं भाकीत विकत घेऊन वर्षभर खुंटीला अडकवून ठेवायची आपल्याकडची रीत जवळजवळ दोनशे वर्षांची आहे.

माझे आजोबा गिरगावातल्या एका छापखान्यात जुळारी होते. केसमधले खिळे न बघता उचलायची त्यांच्या बोटांना सवय होती आणि ती निवृत्तीनंतरही गेली नाही. जेवताना ताटाच्या कडेवर बोटं चालत राहायची. मी संगणकशास्त्र शिकत होते आणि मशीन लर्निंगच्या स्पर्धांमध्ये भाग घ्यायला लागले होते, तेव्हा त्यांनी मला बसवून घेऊन विचारलं, की यात नेमकं करायचं काय असतं. मी सांगितलं: आयोजक आपल्याला थोडा डेटा उत्तरांसकट देतात आणि थोडा उत्तरांशिवाय. पहिल्यावरून यंत्राला शिकवायचं, दुसऱ्याची उत्तरं काढून पाठवायची. खरी उत्तरं आयोजकांकडे झाकून ठेवलेली असतात. ती उघडली की कुणाचं किती जुळलं ते कळतं. आजोबा म्हणाले, "म्हणजे पंचांगच की गं. ग्रहण आधी छापायचं आणि आकाशात बघायचं."

हे त्यांचं म्हणणं मी सोडून दिलं नाही. त्याच्या मागे लागून जे वाचलं, त्यातून या स्पर्धांचा जो इतिहास मला दिसला तो इथे लिहिते आहे.

एकोणिसाव्या शतकात आपल्याकडची बहुतेक पंचांगं गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघवावरून काढली जात. हा ग्रंथ १५२० सालचा. अवघड ज्या-कोज्यांशिवाय ग्रहगणित करून देणारा, म्हणून जोशांच्या हातात तो साडेतीनशे वर्षं टिकला. पण कुठल्याही जुन्या कोष्टकात बारीक चुका साठत जातात. छापलेली वेळ आणि आकाशातली वेळ यांत अंतर पडायला लागलं. हे अंतर मोजून दाखवणाऱ्यांत पहिलं नाव केरो लक्ष्मण छत्रे यांचं. बाळशास्त्री जांभेकरांचा हा विद्यार्थी कोवळ्या वयात कुलाब्याच्या वेधशाळेत कामाला लागला. हवामान आणि चुंबकत्वाच्या नोंदी ठरलेल्या वेळी घ्यायच्या, वहीत उतरवायच्या, हे त्यांचं काम. आकडा आधी आणि मत नंतर ही शिस्त केरोपंतांच्या अंगी तिथे बाणली असावी असं मला वाटतं. १८६० मध्ये त्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' लिहिलं आणि १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने नव्या गणिताचं पंचांग निघू लागलं. लोक त्याला पटवर्धनी पंचांग म्हणत.

ग्रहणाच्या बाबतीत नवं गणित सरस होतं. तिथे वाद चालूच शकत नाही. स्पर्श कधी झाला हे गच्चीवर उभं राहून कुणालाही दिसतं. तरीही केरोपंतांचं पंचांग सर्वांनी उचललं नाही, कारण भांडण दुसऱ्याच ठिकाणी होतं. राशिचक्र कुठून मोजायला सुरुवात करायची? केरोपंतांनी रेवतीची एक विशिष्ट तारा आरंभाला धरली. इतरांनी चित्रा नक्षत्रावरून आरंभ ठरवला. दोन्हींत सुमारे चार अंशांचा फरक पडतो, आणि त्या चार अंशांनी संक्रांत हलते, एखाद्या वर्षी अधिक महिनासुद्धा वेगळा येतो. केरोपंतांचे विद्यार्थी बाळ गंगाधर टिळक यांनी हा प्रश्न पुढे हयातभर धरून ठेवला. १९०४ मध्ये मुंबईत त्यासाठी परिषद भरली. निकाल सर्वमान्य झाला नाहीच. टिळक पंचांग मानणारी कोकणातली घरं आजही १० जानेवारीला तिळगूळ वाटतात. गिरगावातल्या चाळींमध्ये कोकणातलीच माणसं, त्यामुळे एका मजल्यावर दोन संक्रांती मी लहानपणापासून पाहिल्या आहेत.

ग्रहणाची वेळ आणि राशिचक्राचा आरंभ या दोन प्रश्नांत जो फरक आहे तो नीट लक्षात ठेवायला हवा. पहिल्याचं उत्तर आकाशाकडे असतं. दुसऱ्याचं उत्तर आकाश देत नाही; ते माणसांनी आपसांत ठरवायचं असतं. मशीन लर्निंगच्या स्पर्धांमध्ये दोन्ही जातीचे प्रश्न येतात, आणि गुणांच्या क्रमवारीत, म्हणजे लीडरबोर्डावर, मात्र दोघांचे आकडे सारखेच दिसतात.

बक्षीस लावून ज्ञान पुढे नेण्याची चालही आपल्याकडे जुनीच. पुण्याच्या दक्षिणा प्राइज कमिटीने पंचांगाच्या इतिहासावर ग्रंथ मागवले म्हणून दापोलीजवळच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित लिहायला बसले आणि त्यातून 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा १८९६ मध्ये छापलेला ग्रंथ उभा राहिला. बक्षिसाची रक्कम कधीच खर्चून गेली, ग्रंथ अजून वापरात आहे.

यंत्रांच्या स्पर्धा सुरू झाल्या त्या मात्र अविश्वासातून. १९६६ साली अमेरिकेत जॉन पिअर्स यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने, संगणकी भाषांतरावर झालेल्या खर्चाच्या मानाने हाती फारसं काही आलेलं नाही, असा अहवाल दिला आणि या विषयाचा सरकारी पैसा आटला. भाषेच्या क्षेत्रातले लोक मोठमोठी आश्वासनं देतात आणि ती तपासायची सोय नसते, हा आक्षेप होता. तो खोटा नव्हता. १९८० च्या दशकाच्या मध्यावर तिथल्या संरक्षण खात्याच्या डार्पा संस्थेने पुन्हा पैसा सोडला, पण एका अटीवर. सगळ्यांनी एकच डेटा घ्यायचा, गुण कसे मोजायचे ते आधी जाहीर करायचं, आणि परीक्षेची उत्तरं तिसऱ्याच तटस्थ संस्थेने स्वतःकडे ठेवायची. चार्ल्स वेन या अधिकाऱ्याने ही पद्धत बसवली. आज आम्ही जे करतो त्याचा सगळा सांगाडा तिथे आहे.

माहिती शोधण्याच्या शास्त्रात याचं बी आणखी आधी पडलं होतं. इंग्लंडमधल्या क्रॅनफील्डच्या विमानविद्या महाविद्यालयात सिरिल क्लेव्हरडन या ग्रंथपालाने १९६० च्या दशकात १,४०० लेखांचा संच घेतला, काही प्रश्न ठरवले आणि कुठल्या प्रश्नाला कुठले लेख लागू पडतात हे माणसांकडून आधी लिहून घेतलं. मग शोधायच्या वेगवेगळ्या पद्धती त्यावर घासून पाहिल्या. १९९२ पासून अमेरिकेत ट्रेक या नावाने दरवर्षी अशी चाचणी होऊ लागली. त्याच धर्तीवर २००८ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या आणि गांधीनगरच्या अभ्यासकांनी फायर हा उपक्रम सुरू केला. तिथे पहिल्याच वर्षी बंगाली आणि हिंदीबरोबर मराठी होती.

या २००८ च्या मराठी संचाबद्दल आपल्याकडे कुठे लिहिलेलं मला आढळलं नाही, म्हणून इथे थोडी थांबते. 'महाराष्ट्र टाइम्स' आणि 'सकाळ' यांतल्या २००४ ते २००७ या काळातल्या सुमारे ९९ हजार बातम्या त्यात घेतल्या होत्या. ५० प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला कुठली बातमी लागू आणि कुठली नाही, हे मराठी वाचणाऱ्या माणसांनी बसून ठरवलं. मराठीत हे का कठीण, ते कुठलंही साधं उदाहरण घेतलं तरी कळतं. समजा, कुणी 'गिरगाव चाळ पुनर्विकास' असं शोधलं. बातमीत असणार 'गिरगावातल्या चाळींच्या पुनर्विकासाबाबत'. इंग्रजीसाठी लिहिलेल्या यंत्राच्या दृष्टीने यातला एकही शब्द जुळत नाही. शब्दाच्या अंगावरचे प्रत्यय एकावर एक चढतात, आतलं मूळ रूपसुद्धा बदलतं, आणि ते सोलून मूळ शब्द हाती घेण्यासाठी मराठीपुरता वेगळा विचार करावा लागतो. हा संच होता म्हणून तो विचार करणाऱ्यांना आपण बरोबर की चूक हे पडताळता आलं. २०११ मध्ये फायरचं संमेलन पवईच्या आयआयटीत झालं. ज्यांनी त्या बातम्या एकेक करून तपासल्या त्यांची नावं कुठल्याच लीडरबोर्डावर नाहीत.

बाहेरच्या जगात याच सुमारास स्पर्धांना जत्रेचं रूप आलं होतं. नेटफ्लिक्स कंपनीने २००६ मध्ये दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं: प्रेक्षकाला कुठला चित्रपट किती आवडेल हे आमच्या यंत्रापेक्षा १० टक्के जास्त अचूक सांगा. १७,७७० चित्रपटांची दहा कोटींहून जास्त मूल्यांकनं सगळ्यांसाठी खुली केली. २००९ मध्ये दोन गटांचा अंतिम गुण तंतोतंत सारखा आला आणि वीस मिनिटं आधी उत्तर पाठवणारा गट जिंकला. २०१० साली ऑस्ट्रेलियात कॅगल सुरू झालं, २०१७ मध्ये ते गूगलने घेतलं, आणि आता जगातल्या कुठल्याही खोलीतून कुणीही विद्यार्थी स्पर्धेत उतरू शकतो. इमेजनेटच्या चित्र-ओळख स्पर्धेत २०१२ मध्ये टोरांटोच्या गटाने चुकांचं प्रमाण एकदम १५.३ टक्क्यांवर आणलं. दुसरा गट २६ च्या घरात होता. आजच्या सगळ्या कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा तिथून पेटली.

उत्तरं झाकलेली राहणं किती मोलाचं आहे, हे त्याच इमेजनेटने २०१५ मध्ये दाखवलं. आठवड्याला दोनदाच उत्तरं पाठवायची मुभा असताना बायडू कंपनीच्या गटाने वेगवेगळ्या खात्यांवरून कितीतरी जास्त वेळा पाठवली. प्रत्येक खेपेला मिळणारा गुण म्हणजे झाकलेल्या उत्तरांची एक बारीकशी फट. पुरेशा फटी जमवल्या की न शिकताही गुण वाढतात. त्या गटावर वर्षभराची बंदी आली. कॅगलवर नवशिक्यांना देतात त्या टायटॅनिकच्या सरावाचं तर याहून सोपं आहे. ८९१ प्रवाशांची माहिती उत्तरांसकट, ४१८ जणांची उत्तरांशिवाय. कोण वाचलं ते सांगा. पण त्या बोटीवरच्या प्रवाशांच्या याद्या शंभर वर्षांपासून छापलेल्या आहेत. त्यामुळे लीडरबोर्डाच्या वरच्या टोकाला पैकीच्या पैकी गुणांची रांग लागलेली दिसते. त्या रांगेकडे पाहून काहीच शिकता येत नाही. मला शिकायला मिळालं ते खालून: नुसत्या बायका वाचल्या आणि पुरुष गेले एवढंच लिहून पाठवलं तरी शंभरात ७६ उत्तरं बरोबर येतात. मग जे काही गुंतागुंतीचं मॉडेल बांधायचं त्याला निदान ७६ च्या पुढे जाऊन दाखवावं लागतं.

मराठीसाठी मी पहिल्यांदा उतरले ते २०२१ मध्ये. फायरमध्ये २०१९ पासून हासोक नावाची स्पर्धा चालते; समाजमाध्यमांवरचा द्वेषाचा, शिवीगाळीचा मजकूर यंत्राने ओळखायचा. २०२१ मध्ये तिथे मराठी पहिल्यांदा आली. साथीची दुसरी लाट नुकतीच सरत होती. फणसवाडीतल्या बालाजी मंदिराचे दरवाजे बंद, लोकलमध्ये आम्हाला प्रवेश नाही, आणि जगन्नाथ शंकरशेठ रस्त्यावर मेट्रोचं काम चालू. स्पर्धेतली माझी जोडीदारीण लालबागला. आम्ही फोनवर बोलत काम करायचो. मॉडेल चालवायला गूगलचं फुकट मिळणारं यंत्र, तेही मध्येच सुटायचं.

शिकायला मिळालेली ट्विट होती १,८७४. त्यांतली ६६९ आक्षेपार्ह, बाकीची साधी. एवढ्या थोड्या मजकुरात गुण कसे मोजतात याला फार महत्त्व येतं. सगळ्याच ट्विटना डोळे मिटून 'साधं' म्हणणारं मॉडेल शंभरातली ६४ बरोबर सांगेल, आणि त्याने एकही शिवी पकडलेली नसेल. म्हणून हासोकमध्ये दोन्ही गठ्ठ्यांचे गुण वेगळे काढून त्यांची सरासरी घेत. त्या मापाने हे आळशी मॉडेल ३९ वर येतं. माप नीट निवडलं होतं, याबद्दल आयोजकांचा मला आदर वाटतो.

आम्ही तेव्हा उपलब्ध असलेली बहुभाषिक मॉडेलं एकेक उघडून पाहिली. त्यातलं एक, बर्ट या मॉडेलची जुनी बहुभाषिक आवृत्ती. युरोपी भाषांत अक्षरांवरची चिन्हं काढून टाकून शब्द सरळ करायची तिथे सोय होती, आणि तीच कात्री देवनागरीवरही चालत होती. आम्ही शब्द घालून पाहिले. 'मूग' घातला, आत 'मग' गेला. 'गूळ'चा 'गळ' झाला, 'संत'चा 'सत'. 'मूर्ख' ही शिवी यंत्राला 'मरख' अशी पोचत होती. काने, वेलांट्या राहत होत्या. उकार, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरांचे हलन्त गळून पडत होते. गूगलनेच नंतरची आवृत्ती वापरा असं सांगून ठेवलेलं आहे, आम्ही तीच घेतली. पण तो पडद्यावरचा 'मरख' मी आजोबांना दाखवला. ते खुर्चीत पुढे सरकून बसले. छापखान्यात उकाराचा खिळा वेगळा असायचा, बारीक, खालून बसवायचा. तो पडला तर प्रूफ वाचणारा फर्मा अडवायचा, मशीन थांबली तरी चालेल. "हे कुणी वाचलं नाही का छापायच्या आधी?" असं त्यांनी विचारलं. माझ्या मते त्या सगळ्या वर्षात मला विचारला गेलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न होता. मराठी वाचणारं माणूस त्या टेबलाशी असतं तर पहिल्याच दिवशी त्याने 'मग' पाहून मूग कुठे गेला असं विचारलं असतं.

निकाल लागला तेव्हा आम्ही मधल्या घोळक्यात होतो. मराठीत पंचवीस गट उतरले होते. दुसऱ्या क्रमांकाच्या गटात सैबेरियातल्या त्युमेन विद्यापीठातली संशोधक होती. त्यांनी गूगलचं शंभराहून जास्त भाषांचं लाबसे मॉडेल वापरून ८८.०८ गुण मिळवले. मला याचं वाईट वाटलं नाही, खूप उत्सुकता वाटली. मराठीचा एक शब्द न बोलता त्यांना मराठी शिव्या ओळखता आल्या, कारण कोणीतरी मराठी माणसांनी आधी २,४९९ ट्विट वाचून एकेकावर लेबल लिहून ठेवलं होतं. ते काम सौरभ गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलं होतं. स्पर्धकांचा सगळा पराक्रम त्या लेबलांपर्यंत पोचण्याचा होता.

आणि इथे केरोपंतांच्या वेळचा तो दुसरा प्रश्न पुन्हा उभा राहतो. एखादं वाक्य आक्षेपार्ह आहे की नाही याचं उत्तर कुठल्याच आकाशात नाही. आमच्या गॅलरीत "मेल्या, इतके दिवस होतास कुठे?" असं म्हणणारी बाई समोरच्याला जेवायला थांबवून घेणार असते. तेच 'मेल्या' अनोळखी माणसाने अनोळखी माणसाला लिहिलं की शिवी. 'शहाणा' हा शब्द शाळेच्या प्रगतिपुस्तकात कौतुक असतो; "लई शहाणा झालास" यात तो नसतो. लेबल लिहिणारा कुठल्या गावचा, कुठल्या वयाचा, कुठल्या जातीच्या वस्तीत वाढलेला, यावर उत्तर हलतं. जातीवरून केलेली टोचणी ज्याने कधी सोसलेली नाही त्याला काही वाक्यं साधीच वाटतात, हे मी लेबलं तपासताना प्रत्यक्ष पाहिलं आहे. दोघांचं पटलं नाही तर बहुमत घेतात आणि वेगळं मत पुसलं जातं. उत्तरपत्रिकेत मग एकच अक्षर उरतं आणि ८८.०८ हा गुण त्या अक्षराशी जुळण्याचा असतो.

पुण्याच्या पीआयसीटी या अभियांत्रिकी महाविद्यालयातले विद्यार्थी त्याच २०२१ च्या स्पर्धेत होते. एलथ्रीक्यूब या गटातून त्यांनी पुढच्या वर्षी 'महाहेट' हा २५,००० ट्विटांचा संच खुला केला; त्यात द्वेष, अपमान, शिवराळपणा आणि साधा मजकूर असे चार गठ्ठे केले आहेत. स्पर्धक म्हणून आलेली मुलं वर्षभरात प्रश्नपत्रिका काढणारी झाली. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट ही आहे, आणि आम्ही दोघी आता जे करतो आहोत ते त्यांच्याकडे पाहूनच.

आम्ही गिरगाव, लालबाग, परळ इथल्या बोलण्यातली वाक्यं गोळा करतो आणि प्रत्येक वाक्य निदान तिघांना वाचायला देतो: एक आमच्या वयाचं, एक आजोबांच्या, आणि एक शक्यतो मुंबईत नव्याने आलेलं. बहुमत काढत नाही. तिन्ही उत्तरं ठेवतो, कोणी कुठून दिली त्या खुणेसकट. 'मेल्या'च्या वाक्यावर आजोबांनी 'साधं' लिहिलं, नांदेडहून आलेल्या एका मुलाने 'आक्षेपार्ह', आणि माझ्या जोडीदारणीने आधी बाई कोण ते सांगा, मग लेबल लिहिते असं म्हणून रकाना मोकळा सोडला. मोकळ्या रकान्यासाठी आम्ही आता एक वेगळं लेबल ठेवलं आहे, आणि ते मोजायचं कसं यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.